ढाक्याहून आलेली चार पानं

'त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक' या जर्मन नियतकालिकाच्या २६व्या खंडात १७८ ते १८१ ही चार पानं एका लेखाची आहेत. शीर्षक साधं आहे: प्लांकचा नियम आणि प्रकाशकणांची कल्पना. त्याखाली लेखकाचं नाव नुसतं 'बोस'. आद्याक्षरं नाहीत, पदवी नाही. पुढे ढाका विद्यापीठ, भारत, आणि लेख पोचल्याची तारीख, २ जुलै १९२४. लेखाच्या शेवटी अनुवादकाचं नाव आहे, आणि ते त्या काळी जगातल्या कुठल्याही वर्तमानपत्राच्या वाचकाला ठाऊक होतं: ए. आइन्स्टाइन.

सत्येंद्रनाथ बोस यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिलं जातं, त्यात ही चार पानं उल्लेखापुरती येतात. आइन्स्टाइनना लिहिलेलं पत्र, त्यांचं उत्तराचं पोस्टकार्ड, नोबेल न मिळाल्याची हळहळ, 'बोसॉन' या नावाचा अभिमान, एवढं सांगून झालं की लेखक मोकळा होतो. पानांवर काय आहे हे राहूनच जातं. एखाद्या कवीवर लिहावं आणि त्याची एकही कविता उघडू नये, तसलाच हा प्रकार. भौतिकशास्त्राच्या लेखाचं कसलं आलंय रसग्रहण, असं कुणी म्हणेल. पण हा लेख वाचण्यासारखा आहे, निदान इतरांच्या मदतीने उलगडून घेण्यासारखा तरी नक्कीच आहे. त्याला सुरुवात आहे, तक्रार आहे, कलाटणी आहे, आणि एका मोक्याच्या जागी गप्प बसणंही आहे.

आधी प्रश्न काय होता ते बघू. भट्टीत तापलेलं लोखंड आधी लाल दिसतं, मग पिवळं, मग पांढुरकं. चारी बाजूंनी बंद केलेल्या भट्टीला बारीक भोक पाडून आतून येणारा प्रकाश तपासला, तर कोणत्या रंगाचा प्रकाश किती, हे फक्त तापमानावर ठरतं. भट्टी लोखंडाची की विटांची, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. १९०० साली माक्स प्लांक यांनी या प्रकाशाचं सूत्र दिलं आणि ते मोजमापांशी तंतोतंत जुळलं. पंचाईत पुढेच होती. सूत्र बरोबर आहे हे सगळ्यांना दिसत होतं, ते कुठून येतं हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. त्या सूत्राला दोन तुकडे आहेत. एका ठरावीक वारंवारितेच्या किती तऱ्हेच्या लाटा पोकळीत मावतात, हा पहिला तुकडा: आठ पाय न्यू वर्ग भागिले सी घन, इथे न्यू म्हणजे वारंवारिता आणि सी म्हणजे प्रकाशाचा वेग. त्यातल्या प्रत्येक तऱ्हेच्या वाट्याला सरासरी किती ऊर्जा येते, हा दुसरा. पहिला तुकडा मॅक्सवेलच्या जुन्या लहरीसिद्धांतातून काढलेला होता. दुसऱ्यासाठी मात्र ऊर्जा सलग नसून पुंजांनी येते, असं मानावं लागत होतं, आणि हे मानलं की जुना सिद्धांत कोसळतो. ज्याला खोटं ठरवायचं त्याच्याचकडून अर्धं सूत्र उसनं घ्यायचं, असा हा मामला चोवीस वर्षं चालू होता. उत्तर बरोबर येत असल्यामुळे फारसं कुणी कुरकुरत नव्हतं.

कुरकुर केली ती वर्गात शिकवायची पाळी आलेल्या माणसाने. ढाका विद्यापीठ १९२१ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी बोस तिथे भौतिकशास्त्राचे रीडर म्हणून आले. कर्झन हॉलमध्ये एम.एस्सी.च्या मुलांना प्लांकची सिद्धता शिकवताना ती त्यांच्या घशाखाली उतरेना. स्वतः शिकून शिकवणाऱ्यांतले ते होते. कलकत्त्याच्या सायन्स कॉलेजात मेघनाद साहा आणि बोस हे एम.एस्सी.च्या परीक्षेत पहिल्या-दुसऱ्या आलेले दोघे मित्र नव्या भौतिकशास्त्राचे शिक्षक झाले तेव्हा त्यांना ते शिकवणारं कलकत्त्यात कुणीच नव्हतं. ब्र्यूल नावाच्या एका जर्मन भाषक प्राध्यापकाकडून पुस्तकं मागून आणायची, जर्मन शिकायचं, रात्री वाचायचं आणि सकाळी शिकवायचं, असं ते शिक्षण. सापेक्षतेवरच्या मूळ लेखांचा दोघांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२० साली छापला. १९२४च्या सुरुवातीला साहा ढाक्याला येऊन बोसांकडे राहिले आणि प्रकाश व इलेक्ट्रॉन यांच्या समतोलावरचं पाउली यांचं, तसंच आइन्स्टाइन आणि एरनफेस्ट यांचं ताजं काम त्यांनी मित्रापुढे ठेवलं. वर्गातली अस्वस्थता आणि मित्राने आणलेली ही बातमी, दोन्ही डोक्यात घोळत असताना हा लेख लिहिला गेला.

लेखाचा पहिला परिच्छेद म्हणजे त्या वर्गातली तक्रारच आहे, फक्त आवाज खाली आणलेला. प्लांकच्या सूत्राचं महत्त्व एका वाक्यात मान्य करून बोस लगेच हिशेबाला बसतात. आजवर अनेकांनी ते सूत्र सिद्ध केलं. पुंजसिद्धांताची गृहीतकं आणि जुना विद्युतचुंबकी सिद्धांत यांचं जमत नाही हे सगळ्यांनाच मान्य आहे. तरीही प्रत्येक सिद्धता तो पहिला तुकडा जुन्या सिद्धांतातूनच घेते. मग ते आइन्स्टाइनच्या १९१७ सालच्या सिद्धतेपाशी येतात. ती किती देखणी आहे हे मनापासून म्हणतात. आणि पुढच्याच दमात दाखवून देतात, की या देखण्या सिद्धतेलाही वीनच्या विस्थापन-नियमाचा आणि बोर यांच्या अनुरूपता-तत्त्वाचा आधार घ्यावा लागतो. दोन्हींची मुळं जुन्या सिद्धांतात. म्हणजे तर्काच्या दृष्टीने हीसुद्धा अपुरीच.

हे वाचताना एक गोष्ट विसरू नये. हा लेख आइन्स्टाइनकडेच पाठवलेला आहे. ४ जून १९२४ या तारखेच्या पत्रात बोस आपली ओळख देतात ती त्यांच्या लेखांच्या अनुवादाला परवानगी मागणारा कलकत्त्याचा माणूस म्हणून. आम्ही सगळे तुमच्या लेखनातून शिकलेले तुमचेच विद्यार्थी, असं म्हणतात. आणि मला जर्मन लिहिता येण्याइतकं येत नाही, तेव्हा लेख योग्य वाटला तर छापून आणण्याची व्यवस्था करा, अशी विनंती करतात. पत्रातली ही नम्रता सर्वश्रुत आहे. तिच्यावर भाळून आपण बोसांचं एक संकोची, गरीब चित्र रंगवलं. लेखाच्या पहिल्या पानावर मात्र संकोच नावालाही नाही. गुरूची सिद्धता गुरूसमोर ठेवून, ती सुंदर आहे पण पुरेशी नाही, असं तिथे सांगितलेलं आहे. पत्र आणि लेख एकाच पाकिटातून गेले, आणि दोन्हींतला माणूस एकच. आइन्स्टाइनने पत्राला प्रतिसाद दिला असेल, पण अनुवाद केला तो लेखाचा.

तक्रारीनंतर प्रतिज्ञा येते आणि तीही मोजक्या शब्दांत: प्रकाश कणांचा बनलेला आहे ही कल्पना आणि संख्याशास्त्रीय यामिकी, एवढ्या दोनच गोष्टी पुरतात, जुन्या सिद्धांताची काही गरज नाही. १९२४ साली हे म्हणणं किती एकाकी होतं, हे आज ध्यानात येत नाही. प्रकाशकणांच्या बाजूने बोलणारा कॉम्प्टन यांचा क्ष-किरणांवरचा प्रयोग नुकताच, १९२३ साली प्रसिद्ध झालेला. प्रकाशकण टाळता यावेत म्हणून कोपनहेगनमध्ये बोर आणि त्यांचे सहकारी ऊर्जेच्या अक्षय्यतेलाच मुरड घालायला निघाले होते. आणि अडचण खरीच होती. प्रकाश म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या सुट्या कणांचा वायू, असं धरून नेहमीच्या रीतीने हिशेब केला तर प्लांकचं सूत्र येत नाही, त्याच प्रकाशासाठी वीनने दिलेलं सूत्र येतं, आणि ते कमी वारंवारितेला चुकतं. हे आइन्स्टाइन स्वतः १९०५पासून जाणून होते. म्हणजे प्रकाशकण मानले की सूत्र हातचं जातं आणि सूत्र धरलं की कण सुटतात.

दुसऱ्या पानावर पहिली कलाटणी आहे. बोस प्रकाशकणाला वायूच्या रेणूसारखं वागवतात. त्याला जागा आहे, तिचे तीन आकडे. त्याला संवेग आहे, त्याचेही तीन. एकूण सहा आकड्यांनी त्याची स्थिती सांगता येते आणि या सहांच्या मिळून होणाऱ्या अवकाशाला भौतिकवाले फेज स्पेस म्हणतात. कणाची वारंवारिता ठरली की संवेगाचं मान ठरतं, दिशा मोकळी राहते. म्हणून संवेगाचे सगळे शक्य बिंदू एका गोलाच्या पृष्ठभागावर येतात. त्या गोलाची पातळ साल घ्यायची, तिला पोकळीच्या घनफळाने गुणायचं, झालं फेज स्पेसमधलं क्षेत्र. आता प्लांकने सुचवल्याप्रमाणे त्याचे एच घन आकाराचे कप्पे पाडायचे, एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक. भागाकार केला की एच घन वर-खाली कटतो आणि उरतं चार पाय न्यू वर्ग भागिले सी घन, गुणिले घनफळ.

इथे मी दरवेळी थबकतो. ज्या तुकड्यासाठी चोवीस वर्षं लाटा मोजाव्या लागत होत्या, तो लाटेचं नावही न घेता शाळकरी भूमितीतून निघालेला आहे. गोलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आणि एक भागाकार. मधल्या काळात कुणाला हे सुचू नये याचं नवल वाटतं. पण सोपं उत्तर पाहिल्यावर असं नवल नेहमीच वाटतं, त्यात अर्थ नाही. जुन्या सिद्धांतात न्यू वर्ग यायचा तो पोकळीत बसणाऱ्या लाटांच्या गणतीतून. इथे तो येतो संवेगाच्या गोलाच्या विस्तारातून. निकाल तोच, पण पायाखालची जमीन बदललेली.

फक्त चारच्या जागी आठ हवेत. दोन कमी पडतात. छापील लेखात बोस म्हणतात, की ध्रुवण लक्षात घेता या संख्येला दोनाने गुणणं योग्य दिसतं. सगळ्या लेखात हेच एक वाक्य सैल आहे. लाटेला ध्रुवण असतं हे ठीक, कणाला कुठलं? कणाचंच विवेचन चाललेलं असताना लाटेची ही आठवण मागच्या दाराने आत आल्यासारखी वाटते. सांगतात असं, की बोसांनी मूळ मसुद्यात कणाच्या स्वतःच्या फिरकीचा विचार मांडला होता आणि आइन्स्टाइनने तो भाग गाळला. बोसांचा मूळ इंग्रजी मसुदा आज हाती नाही, त्यामुळे खातरजमा करायची सोय उरली नाही. पुढे १९३१ साली रामन आणि भगवंतम् यांनी फोटॉनच्या फिरकीचा प्रायोगिक पुरावा मांडला. लेख वाचणाऱ्याने या जागी एक बारीक फट आहे एवढं नोंदवावं आणि पुढे जावं.

कारण खरी गोष्ट तिसऱ्या पानावर आहे. कप्पे मांडून झाले. आता त्यांत कण किती तऱ्हांनी ठेवता येतात ते मोजायचं. जुन्या रीतीत, म्हणजे बोल्ट्झमनच्या रीतीत, हजेरी कणांची घेतली जाते: हा कण कुठल्या कप्प्यात, तो कुठल्या. बोस हजेरी घेतात कप्प्यांची. किती कप्पे रिकामे, किती कप्प्यांत एकेक कण, किती कप्प्यांत दोन-दोन, किती कप्प्यांत तीन-तीन. एकूण कप्प्यांच्या क्रमगुणिताला या प्रत्येक गटाच्या क्रमगुणिताने भागलं की तऱ्हांची संख्या मिळते. एवढंच. कोणता कण, हा प्रश्न विचारलेलाच नाही.

फरक किती पडतो? दोन लाडू आणि दोन डबे घ्या. लाडवांपैकी एक बेसनाचा, एक रव्याचा असेल तर ठेवण्याच्या तऱ्हा चार: दोन्ही पहिल्या डब्यात, दोन्ही दुसऱ्यात, बेसनाचा इकडे नि रव्याचा तिकडे, किंवा उलट. दोन्ही एकाच डब्यात सापडण्याची शक्यता निम्मी. पण दोन्ही लाडू बेसनाचेच असतील आणि त्यांच्यात काही म्हणजे काही वेगळेपण नसेल, तर 'उलट' ही तऱ्हाच उरत नाही. राहतात तीन, आणि त्या सारख्याच वजनाच्या धरल्या तर एकत्र सापडण्याची शक्यता दोन-तृतीयांश होते. डब्यातल्या खऱ्या लाडवांना हे लागू नाही, एकसारखे दिसले तरी ते दोन वेगळे लाडू असतातच आणि आपण डोळ्यांनी त्यांचा माग ठेवू शकतो. प्रकाशकणांना लागू आहे. त्यांचा माग ठेवता येत नाही, त्यांना डावा-उजवा नाही. त्यामुळे ते सुट्या कणांच्या मानाने जास्त वेळा एकत्र आढळतात, आणि वीनचं सूत्र जिथे चुकत होतं तिथली तूट हा कळपाचा कल भरून काढतो.

पुढचं गणित पदवीच्या मुलाला जमण्यासारखं आहे. एकूण ऊर्जा ठरलेली, कप्प्यांची संख्या ठरलेली. या दोन अटी पाळून तऱ्हांची संख्या जास्तीत जास्त कधी होते ते काढायचं. रिकाम्या, एककणी, द्विकणी कप्प्यांची संख्या भूमितीय श्रेढीने उतरत जाते, श्रेढीची बेरीज करायची, एन्ट्रॉपीवरून तापमानाशी सांधा जुळवायचा, आणि चौथ्या पानावर प्लांकचं सूत्र उभं. लेख संपतो. निष्कर्षाचा परिच्छेद नाही, आपण काय मोठं केलं याचा उच्चार नाही. वर्गात सिद्धता पूर्ण झाली की खडू खाली ठेवावा तसा तो संपतो.

आता त्या गप्प बसण्याविषयी. एकसारख्या कणांना ओळख नसते, हे वाक्य या चार पानांत कुठेही नाही. आजचं प्रत्येक पाठ्यपुस्तक बोस-सांख्यिकीची सुरुवातच त्या वाक्याने करतं. बोस ते म्हणत नाहीत, ते फक्त तसं मोजतात. दुसरं मौन त्याहून खोल आहे. वायूचा हिशेब करताना ऊर्जेबरोबर रेणूंची एकूण संख्याही ठरलेली असावी लागते. बोसांनी ती अट घातलेलीच नाही. ऊर्जा कायम, कण किती ते कितीही असोत. प्रकाशकण जन्मतात, शोषले जातात, त्यांच्या संख्येला अक्षय्यता नाही, हे भौतिक सत्य त्या न घातलेल्या अटीत दडलेलं आहे. त्यावरही अवाक्षर नाही.

मौनाचे दोन अर्थ होतात. जाणूनबुजून पाळलेलं, किंवा लक्षातच न आलेलं. आइन्स्टाइनचे चरित्रकार अब्राहम पाइस यांनी या लेखाला अंधारात मारलेला आणि अचूक लागलेला बाण ठरवलं आहे. प्लांकनंतर असा दुसरा बाण कुणाला साधला नव्हता, अशी पुस्तीही ते जोडतात. बोसांनी तर म्हातारपणी मुलाखतीत स्वतःच सांगितलं, की आपण बोल्ट्झमनपेक्षा काही निराळं करतो आहोत याची आपल्याला कल्पना नव्हती. यावरून एक लोकप्रिय आख्यायिका तयार झाली: वर्गात फळ्यावर गणित करताना मोजण्यात चूक झाली आणि उत्तर बरोबर आलं. ऐकायला गोड आहे. विद्यार्थ्यांना तर ती भलतीच आवडते.

मला ती पटत नाही, आणि माझं कारण त्या पानांतच आहे. चुकून उत्तर गवसलेला माणूस उत्तरापासून मागे येतो, इकडे-तिकडे हात मारतो. इथे पहिल्या परिच्छेदात दोष नेमका दाखवला आहे, दुसऱ्यात साधनं जाहीर केली आहेत, आणि नंतर एकाही जागी त्या साधनांबाहेरचं काही वापरलेलं नाही, ध्रुवणाचा तो दोन सोडला तर. कप्प्यांची हजेरी घेणं हे या मांडणीतून ओघानेच येतं. फेज स्पेसचा कप्पा हीच ज्याच्या लेखी मूळ वस्तू आहे, तो मोजणार कप्पेच. एकसारख्या पुंजांच्या गणतीचा प्रश्न त्याआधी नातानसन यांनी १९११ साली आणि एरनफेस्ट व कामरलिंग ओनेस यांनी १९१४ साली उकरून काढला होता, पण तो प्लांकच्या ऊर्जापुंजांपुरता. बोसांनी तो कणांच्या घरी नेऊन सोडवला. तत्त्वज्ञानाचा उच्चार त्यांनी केला नाही, कदाचित सुचलाही नसेल. पण हाताने जे केलं ते तोंडाने सांगता आलं नाही म्हणून ते चुकून झालं असं ठरत नाही. सुतारालाही विचारून बघा. पाइससारख्या जाणकाराशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. तरी ही चार पानं अंधारात लिहिल्यासारखी वाटत नाहीत एवढं म्हणायला अधिकार लागत नाही.

आइन्स्टाइनला काय दिसलं ते तारखाच सांगतात. ४ जूनला ढाक्याहून निघालेलं पाकीट, वाटेत बोटीचा प्रवास, आणि २ जुलैला अनुवादित लेख संपादकांच्या टेबलावर. अनुवादकाने शेवटी टीप जोडली आहे: ही सिद्धता म्हणजे महत्त्वाचं पाऊल आहे आणि हीच पद्धत आदर्श वायूलाही लावता येते, ते मी इतरत्र दाखवीन. १० जुलैला प्रशियन अकादमीपुढे त्यांनी ते दाखवलंसुद्धा. पुढच्या वर्षी त्यातून निघालं ते भाकीत, की पुरेशा थंड वायूतले अणू मोठ्या संख्येने एकाच, सर्वांत खालच्या स्थितीत गोळा होतील. ते प्रत्यक्षात पाहायला १९९५ साल उजाडलं. कोलोरॅडोत बोल्डरला कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचे अणू एका केल्विनच्या कोट्यंशांपर्यंत थंड करून ते घडवलं.

या कथेचा कमी सांगितला जाणारा भाग दुसऱ्या लेखाचा आहे. पहिल्या पाकिटामागोमाग जूनच्या मध्यावर बोसांनी आणखी एक लेख पाठवला, पदार्थाच्या सान्निध्यात प्रारणाचा औष्णिक समतोल कसा साधतो यावर. त्यात त्यांनी आइन्स्टाइनच्या १९१७च्या सिद्धतेतला उत्स्फूर्त आणि प्रेरित उत्सर्जन हा भेदच काढून टाकायचं धाडस केलं होतं. आइन्स्टाइनने तोही स्वतः जर्मनमध्ये उतरवला, छापायला दिला, आणि खाली आपले आक्षेप छापले. अनुवादकानेच लेखकाला खोडून काढल्याचं असं उदाहरण विरळाच. बोसांचं म्हणणं टिकलं नाही. तरी मला हा लेख पहिल्याच्या जोडीने वाचावासा वाटतो, कारण पहिल्या पानावरचा धीटपणा योगायोगाचा नव्हता हे तो दाखवतो. ज्याने गुरूला अपुरं म्हटलं त्याने पंधरवड्यात गुरूला चूकही म्हटलं. एकदा बरोबर ठरला, एकदा नाही.

आइन्स्टाइनचं पोस्टकार्ड ढाक्याला पोचलं आणि विद्यापीठाच्या कारभाऱ्यांपुढे ठेवलं गेलं. अडून राहिलेली दोन वर्षांची अभ्यासरजा त्या कार्डाने मंजूर झाली. जर्मन वकिलातीने तर कार्ड पाहून फीसुद्धा न घेता व्हिसा दिला. पॅरिसमध्ये बोस मादाम क्युरींना भेटले. प्रयोगशाळेत काम करायचं तर आधी फ्रेंच शिकून या, असं त्यांनी इंग्रजीतून बजावलं. बोसांना फ्रेंच येत होतं. बाईंच्या बोलण्यात खंड पडला नाही आणि मधे तोंड घालून तसं सांगणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही, म्हणून ते ऐकून घेऊन परत आले. नंतर मोरिस द ब्रॉयी यांच्याकडे क्ष-किरणांचं तंत्र शिकले, १९२५ साली बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले, १९२६ साली ढाक्याला परतले. पीएच.डी. नव्हती, प्राध्यापकपदासाठी आइन्स्टाइनचं शिफारसपत्र लागलं.

त्यानंतर असा दुसरा लेख त्यांच्या हातून झाला नाही. याचं दुःख त्यांच्यापेक्षा इतरांनाच अधिक झालं. ढाक्यात १९४५पर्यंत ते शिकवत राहिले, प्रयोगशाळेची उपकरणं तिथेच बनवून घेत राहिले, एस्राज वाजवत राहिले. मग कलकत्त्याला खैरा प्राध्यापक झाले. १९५६ साली विश्वभारतीचे कुलगुरू म्हणून त्यांना शांतिनिकेतनला बोलावलं गेलं. त्या जागी त्यांच्याहून योग्य भौतिकशास्त्रज्ञ शोधून सापडला नसता: रवींद्रनाथांनी १९३७ साली वयाच्या शहात्तरीत विज्ञानावर लिहिलेलं 'विश्वपरिचय' हे पुस्तक सत्येंद्रनाथांनाच अर्पण केलं होतं. पण विश्वभारती तोवर केंद्रीय विद्यापीठ झाली होती आणि आश्रम व विद्यापीठ यांची ओढाताण सुरू होती. विज्ञानाच्या शिक्षणाला तिथे अधिक जागा असावी ही नव्या कुलगुरूंची इच्छा जुन्या आश्रमवासीयांना मानवली नाही. दोन वर्षांत, १९५८ साली, ते बाहेर पडले. १९५९ साली राष्ट्रीय प्राध्यापक झाले. कुलगुरू म्हणून त्यांची कारकीर्द यशस्वी होती असं म्हणवत नाही. न पटणाऱ्या गोष्टी मुकाट्याने चालवून घेण्याचा गुण कुलगुरूला लागतो. तो गुण अंगी असता तर प्लांकची सिद्धताही त्यांनी बिनबोभाट शिकवली असती.

त्यांचा जीव गुंतला होता तो बंगालीतून विज्ञान शिकवण्यात. बंगालीत विज्ञान शक्य नाही असं म्हणणाऱ्याला एक तर बंगाली येत नाही नाही तर विज्ञान कळत नाही, हे त्यांचं मत मराठी विज्ञान परिषदेच्या व्यासपीठांवरही भाषेचं नाव बदलून अनेकदा ऐकू आलेलं आहे. १९४८ साली त्यांनी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि 'ज्ञान ओ विज्ञान' हे मासिक सुरू केलं. सोपे लेख मातृभाषेत ठीक, संशोधनाला इंग्रजीच हवी, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी भाषणातून उत्तर दिलं नाही. १९६३ साली मासिकाचा राजशेखर बसू विशेषांक काढला आणि त्यात निव्वळ मूळ संशोधनाचे लेख घेतले, सगळे बंगालीत. ही संशोधकाने तपासून घ्यावी अशी सिद्धता होती, आणि ती मांडायचीही त्यांची रीत तीच, १९२४ सालची: वाद घालत बसायचं नाही, मोजून दाखवायचं.